वाळवंटासाठी शिवलेला पंदल

आमच्या गावात सावली सांगून मागवता येते. लग्न असो, देवळातला उत्सव असो, कुणी गेलेलं असो, मांडववाल्याला निरोप धाडला की तासाभरात बांबू येतात, काथ्याची भेंडोळी येतात, नारळाच्या झावळ्यांचे विणलेले तट्टे येतात आणि दारापुढे मांडव उभा राहतो. मांडवाला आम्ही पंदल म्हणतो. तंजावूरच्या मराठी घरांत असे तमिळ शब्द इतके मुरलेत की ते उपरे आहेत हेसुद्धा कुणाच्या ध्यानात येत नाही. देवनागरी मला हिंदीच्या परीक्षांनी शिकवली, नाहीतर हे सगळं मी तमिळ अक्षरांतच खरडलं असतं. सांगायचं ते इतकंच, की मांडव कसा घालावा हे आम्हांला बाहेरच्या कुणी शिकवायला नको, असा आमच्या घरात ठाम समज होता. त्याच समजानं आमचं नाक कापलं, आणि पुढे मला जे भोगायचं होतं त्याची सुरुवातही तिथेच झाली.

आमचे अप्पा, म्हणजे वडील, सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. कालवे, पूल, दरवाजे यांचे नकाशे काढण्यात त्यांची सारी नोकरी गेली. नकाशाच्या उजव्या हाताला, खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. नकाशा कुणी काढला, कुणी ट्रेस केला, कुणी तपासला, ते तिथे लिहायचं. या चौकटीचं अप्पांना देवघराइतकं महत्त्व. एकदा एका साहेबानं ट्रेसिंग करणाऱ्या पोराचं नाव गाळलं, तेव्हा अप्पा त्याच्याशी भांडले होते आणि वर्षभर त्याचा राग सोसत बसले होते. "ज्याचा हात लागला, त्याचें नांव लागलेंच पाहिजे," हे त्यांचं पालुपद. मी शाळेत भूगोलाचा नकाशा काढला तरी कोपऱ्यात चौकट आखून घ्यायचे आणि माझ्याच हातानं माझं नाव लिहायला लावायचे. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते आहे.

आई गेल्यावर घरात मी आणि अप्पा दोघंच उरलो. मी मुलींच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर होते, लग्न झालेलं नव्हतं, आणि होईल अशी आशा नातेवाइकांनी सोडून दिल्यामुळे मला जरा शांतता मिळाली होती. धाकटा भाऊ इंजिनियर. देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते, नव्या नव्या खाजगी कंपन्या निघत होत्या, त्यातल्या एकीत त्याला नोकरी लागली. काम राजस्थानच्या वाळवंटात, जमिनीखाली तेल कुठे आहे ते शोधायचं. आमच्या घरातलं कुणी कावेरीच्या पाण्यापासून इतकं लांब कधी गेलं नव्हतं. अप्पांनी भिंतीवर भारताचा नकाशा लावला आणि भाऊ जिथे होता तिथे लाल टाचणी टोचली.

पहिल्या वर्षी चैत्रात तो दहा दिवसांच्या रजेवर आला, तो ओळखू न येण्याइतका काळा पडून. ओठ फुटलेले, नाकाची साल निघालेली. जेवताना त्यानं सांगितलं, "अप्पा, तिकडे झाड म्हणून नाहीं. तंबूंत बसलें तर भाजून निघतें. दुपारीं आम्ही जीपखालीं निजतों."

"जीपखालीं?" अप्पांचा घास हातातच राहिला. "तंजावूरचा मुलगा सावलीसाठीं जीपखालीं निजतो? पंदल कां घालत नाहीं?"

"रोज पंधरा मैल पुढें जातों आम्ही. पंदल कोण पाठीवर घेऊन हिंडणार?"

"हिंडणारा पंदल करूं," अप्पा म्हणाले, आणि हात न धुताच कागद घेऊन बसले.

निवृत्त झाल्यापासून त्यांना असं उजळलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी चार बाजूंनी चार नकाशे काढले. सहा माणसं बसतील इतकी जागा, जीपच्या टपावर मावतील इतके लांब बांबू, वर जाड कापड. पंदलवाल्याला घरी बोलावलं. तो ओरत्तनाडूचा, मुरलेला माणूस, बोलायचा कमी आणि पान जास्त चघळायचा. त्यानं कोवळे हिरवे बांबू निवडले, काथ्या रात्रभर पाण्यात भिजत घातला आणि ओल्या काथ्यानं सगळे सांधे आवळले. ओला काथ्या वाळताना घट्ट बसतो, हे त्याच्या बापजाद्यांचं शास्त्र. अप्पांचा त्यावर पूर्ण भरवसा होता आणि माझाही.

इतकं झाल्यावर अप्पांनी मुहूर्त काढला. लग्नात पहिला खांब पुरतात तसा. मी म्हटलं, "अप्पा, हा काय लग्नाचा पंदल अहे?" तर ते म्हणाले, "पोराच्या डोक्यावर राहणार अहे तो. मुहूर्ताशिवाय कसा उभा करूं?" खांबाला हळदकुंकू लावलं, आंब्याची पानं बांधली, नवधान्याची पुरचुंडी लटकवली. भाऊ लाजेनं इकडे तिकडे बघत होता. हे सगळं आम्ही पापनाशमला केलं, आत्याच्या गावाजवळ, नदीच्या कोरड्या पात्रात. त्या उन्हाळ्यात वरच्या धरणातून पाणी सुटलेलं नव्हतं. नजर जाईल तिथवर पांढरी वाळू, पाय ठेववत नव्हता इतकी तापलेली. अप्पा खूश होऊन म्हणाले, "हें घे तुजें वाळवंट."

पंदलवाल्यानं पहारीनं हातभर खोल खड्डे केले, खांब रोवले, पायानं वाळू दाबली. पंदल असा उभा राहिला की जसा काही तिथेच उगवला होता. दुपारचा वारा सुटला, कापड फडफडलं, पण खांब हलला नाही. अप्पांनी स्वतः खांबाला धरून लोंबकळून पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनी त्या सावलीत बसून दहीभात खाल्ला. माझ्या आठवणीतला आमच्या घराचा हा शेवटचा निखळ आनंदाचा दिवस.

भाऊ तो पंदल रेल्वेनं घेऊन गेला. तीन आठवड्यांनी पत्र आलं. पंदल पहिल्याच दुपारी कोसळला होता. खांब वाळूत उभेच राहिनात. हातभर खणलं, दोन हात खणलं, वारा आला की खांब लोण्यातून सुरी काढावी तसे निघून यायचे. तिसऱ्या दिवशी बांबू वाळून बारीक झाले आणि काथ्याचे सांधे बाजेच्या सुंभासारखे ढिले पडले. शेवटी एक बांबू एका माणसाच्या खांद्यावर पडला. कॅम्पवर सगळे हसले. भावानं ते बांबू स्वयंपाक्याला जाळायला देऊन टाकले होते, आणि हेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

अप्पांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. चार दिवस ते पंदलाची मापं पुन्हा पुन्हा तपासत बसले. मुहूर्ताचा खांब जाळला, हे त्यांना फार लागलं. पाचव्या दिवशी म्हणाले, "त्याला नीट पुरतां आला नसेल." भावाला स्क्रूसुद्धा नीट पिळता येत नव्हता हे खरंच, पण या वेळी चूक त्याची नव्हती. चूक आमच्या नदीची होती.

हे मला कळलं ते शेजारच्या घरामुळे. तेव्हा आमच्या रस्त्यावर जुनी कौलारू घरं पाडून लॉज बांधायची साथ आली होती. शेजारी छपराखाली वाळूचा ढीग पडला होता, महिनाभर त्याला पाऊस नाही, कुणाचा हात नाही. कॉलेजला जाताना मी सहज त्यात छत्री खुपसली. छत्री उभी राहिली नाही, हळूच कलली. आणखी खोल खुपसली, तरी कलली. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या नदीत पाणी नसलं तरी वीतभर उकरलं की ओल लागते. बायका उन्हाळ्यात पात्रात खड्डे करून हंडे भरतातच की! आमचा खांब वाळूनं धरला नव्हता, ओलीनं धरला होता. ज्यांनी जन्मात पूर्ण कोरडी वाळू पाहिली नाही अशा माणसांनी, नदीच्या उरावर बसून, वाळवंटाची परीक्षा घेतली होती. अशी चूक आमच्यासारख्या पाण्यात वाढलेल्या लोकांनाच सुचावी.

मी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मीं छत्तीस वर्षें पाण्याचेंच काम केलों. मला वाळू शिकवूं नको." मीही हट्टी. त्यांच्याशी वाद घालायचा सोडला आणि कॉलेज सुटलं की त्या ढिगापाशी जाऊन बसायला लागले. मिस्त्री म्हणाला, अम्मा, डोक्यावर परिणाम झाला का? मी कापडाची पिशवी शिवली, तिच्यात त्याच ढिगातली वाळू भरली, तोंडाला दोर बांधला आणि पिशवी ढिगात आडवी पुरली. दोर ओढला. येईना. दोन्ही पाय रोवून ओढला, तरी येईना. खुंटी नको, खांब पुरायला नको. वाळूनं वाळूला धरायचं. खांब नुसते वाळूवर उभे करायचे, खाली पाट ठेवायचा, आणि चारी बाजूंनी पुरलेल्या पिशव्यांना दोर ताणून बांधायचे. वाळूचं ओझं वाहून न्यायला नको, ती तिथे फुकट पडलेलीच आहे. रिकाम्या पिशव्या तेवढ्या न्यायच्या.

मग मला थांबता आलं नाही. बांबू बाद केले. विजेच्या वायरी ज्यातून घालतात त्या लोखंडी नळ्या घेतल्या, लेथवाल्याकडून त्यांचे एकात एक बसणारे तुकडे करून घेतले. काथ्या बाद, त्याजागी बाजारात नव्यानं आलेला निळा नायलॉनचा दोर. कापडाचा विचार मला कॉलेजच्या सायकल शेडनं दिला. तिथल्या पत्र्यावर झावळ्यांचे तट्टे टाकलेले असत आणि मध्ये वीतभर मोकळी जागा होती, म्हणून खाली गार वाटायचं. मी दोन कापडं घेतली, वर पांढरं, खाली खाकी, मध्ये वीतभर फट. गच्चीवर एका जागी एकेरी कापड बांधलं, दुसऱ्या जागी दुहेरी, आणि लॅबमधले थर्मामीटर दोन्हीखाली लटकवून पूर्ण सुटीभर दर तासाला वही घेऊन वर जात राहिले. दुहेरीखालचा पारा रोज खाली असायचा. शेजारणी म्हणायच्या, हिचं लग्न न झाल्यामुळे हे असं होतं.

दोराची गाठ हा माझा सगळ्यात आवडता भाग. वाळूतली पिशवी थोडी सरकतेच, कापड ढिलं पडतं, पुन्हा ताणता आलं पाहिजे. शाळेत गर्ल गाईडच्या तासाला एक गाठ शिकवली होती. दोराला आतून दोन वेढे, बाहेरून एक. हातानं सरकवली तर सरकते, ताण बसला की जागची हलत नाही. मी ती अंधारातसुद्धा बांधायची. भावालाही शाळेत स्काउटच्या तासाला ती शिकवली होती, पण त्यानं त्या तासाला क्रिकेट खेळलं.

अप्पा एक दिवस गच्चीवर आले. मी चार पिशव्यांवर उभारलेल्या त्या सांगाड्याखाली बसून कापडाचे काठ शिवत होते. त्यांनी नळी हलवली. दोर ओढला. गाठ सरकवून पाहिली, सोडली, पुन्हा सरकवली. मग खाली गेले आणि कागद, पट्टी, पेन्सिल घेऊन वर आले. त्या संध्याकाळपासून आम्ही दोघं मिळून काम केलं. मी मापं सांगायची, ते काढायचे. फटीची उंची त्यांनी दोन बोटं कमी केली, ती बरोबर होती. एका जागी मी चुकले होते तिथे त्यांनी ओरडून माझा उद्धार केला, तेही मला गोड वाटलं. कापडाच्या सोळा कळ्या म्हणजे निमुळत्या पट्ट्या, बेचाळीस शिवणी, सगळ्या मी घरच्या पायमशीनवर घातल्या. जाड कापडानं सुया मोडल्या, अंगठ्याचं नख काळं पडलं.

नकाशा पुरा झाला. ट्रेसिंगही मीच केलं, कारण त्यांचा हात आता थरथरायचा. त्यांनी कोपऱ्यात चौकट आखली. मी बाजूला उभी होते. मला खोटं बोलायचं नाही: लग्नाच्या पत्रिकेची वाट पाहावी तशी मी त्या चौकटीची वाट पाहत होते. त्यांनी 'काढला' पुढे स्वतःचं नाव घातलं. 'ट्रेस केला' पुढे पुन्हा स्वतःचं. 'तपासला' पुढे भावाचं.

मी विचारलं, "माजें नांव?"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "तूं घरचीच की. घरच्यांचें नांव कशाला? हा कागद त्याच्या आफिसांत दाखवायचा अहे. त्याचें नांव दिसलें पाहिजे."

"त्यानें काय तपासलें?"

"तपासेल की तिथें," ते म्हणाले आणि शाईवर टिपकागद दाबला.

ज्या माणसानं एका परक्या पोराच्या नावासाठी साहेबाशी वैर घेतलं, त्याला पोटच्या मुलीचं नाव तीन शब्दांच्या जागेत बसवता आलं नाही. मी तेव्हा भांडायला हवं होतं. आदळआपट करायला हवी होती. मी वळून कॉफी करायला गेले. आमच्याकडच्या बायका अशा वेळी कॉफीच करतात.

पार्सल गेलं, सोबत नकाशाची प्रत. या वेळी पंदल उभा राहिला आणि मोसम संपेपर्यंत उभा राहिला. रोज मोडायचा, रोज पुढे न्यायचा, रोज उभारायचा. भावाच्या साहेबांनी फोटो काढला. भावानं एसटीडी बूथवरून फोन केला, आमच्या घरी फोन नव्हताच म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात. अप्पा तिथे अर्धा तास ओरडून बोलले. माझ्या हाती रिसीव्हर आला तेव्हा तो म्हणाला, "आक्का, झकास झालें हां. शिवण एकदम घट्ट." मला शिंप्याची पावती मिळाली.

पुढे त्यानं नोकरी सोडली. परदेशी पाहुणे वाळवंटात राहायला यायला लागले होते, उंटावर बसायचं, वाळूत जेवायचं, फोटो काढायचे. यानं त्यांच्यासाठी कॅम्प काढला आणि आमच्या पंदलासारखे पंदल तिकडच्या कारागिरांकडून बनवून घेतले. धंदा चांगला चालला. एक दिवस त्याच्याकडून गुळगुळीत कागदावर छापलेलं रंगीत माहितीपत्रक आलं. त्यात आमच्या पंदलाचं चित्र होतं आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं की ही सावली दक्षिणेतल्या एका बापानं आणि मुलानं मिळून घडवली. अप्पांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं. कुणीही आलं, गॅसवाला आला तरी, ते काचेवर बोट ठेवून दाखवायचे. "माज्या मुलाचें अन् माजें." मी पाणी आणून द्यायचे. पाहुणा विचारायचा, ही कोण? ते म्हणायचे, मुलगी, कॉलेजांत अहे.

मी सात वर्षं तो राग पाळला. राग पाळायला फार काही लागत नाही, रोज थोडं आठवलं की पुरतं. गच्चीवर बांधलेला पहिला नमुना आणि मूळ नकाशा एका किंतानाच्या पिशवीत घालून मी माळ्यावर टाकला. अप्पांची सेवा केली, औषधं दिली, पाय चेपले, पण पंदलाचा विषय निघाला की मी त्या खोलीतून उठायचे. त्यांच्या ते लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही. आलं असेल तर त्यांनी ते कधी दाखवलं नाही.

अप्पा वैशाखात गेले, सकाळी, आंघोळ करून आल्यावर, खुर्चीत. भाऊ विमानानं त्रिचीला उतरून दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पोचला. भटजी आले, माणसं जमली, आणि कळलं की गावात सावली नाही. मोठ्या मुहूर्ताचा दिवस होता, गावातले सगळे बांबू लग्नांत उभे होते. तो ओरत्तनाडूचा म्हाताराही कुठल्या तरी मंगल कार्यालयात होता. आमच्याकडे शेवटचे विधी दारापुढे, रस्त्याच्या कडेला होतात. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. राहुकाळ लागायच्या आत निघायचं होतं, थांबायला सवड नव्हती.

तेवढ्यात भावाला आठवलं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आपला पंदल अहे की! अप्पांचा अन् माजा. माळ्यावर असेल. पांच मिनिटांत उभा करतों."

पिशवी काढली. त्यानं नळ्या एकमेकींत बसवल्या, तेवढं त्याला येत होतं. कापड चढवलं. पिशव्यांत पलीकडे चाललेल्या नव्या बांधकामावरची वाळू भरून त्या चार कोपऱ्यांना ठेवल्या. आणि मग दोर हातात घेऊन तो थांबला. त्याच्या कॅम्पवर हे काम नोकर करत. त्यानं साधी गाठ मारली, कापड सुटून एका अंगावर आलं. पुन्हा मारली, पुन्हा आलं. माणसं नळ्या हातांनी धरून उभी राहिली, त्यांचे हात भाजायला लागले, त्यांनी सोडून दिल्या. इकडे आतून अप्पांना बाहेर आणलं आणि तिरडीवर ठेवलं. सरळ उन्हात.

मी उंबरठ्यात उभी होते. भाऊ घामानं निथळत माझ्याकडे आला. हळू आवाजात म्हणाला, "आक्का, ती गाठ कशी मारायची? जरा ये मा."

सात वर्षांत त्यानं मला त्या पंदलाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, सात वर्षं तयारच होतं.

"तुजाच न्हवे तो पंदल? तुजें नांव अहे त्याच्यावर. तूंच बांध."

मला वाटतं, त्याला खरंच काही कळलं नाही. तो परत गेला आणि पुन्हा दोराशी झटायला लागला, मग भटजींनी हाक मारली तेव्हा दोर टाकून विधीला बसला. मी तिथेच उभी. समोर अप्पा. कुणीतरी त्यांच्या तोंडावर काळी छत्री धरली, ती छाती झाकू शकली नाही, पाय तर नाहीच. वारा आला की छत्री हलायची आणि ऊन पुन्हा चेहऱ्यावर. कपाळावरचं गंध वाळून त्याला भेगा पडल्या. उन्हात चालताना रुमाल डोक्यावर टाकणारा माणूस. पोरगा जीपखाली निजतो म्हणून हातातला घास खाली ठेवणारा माणूस. मी त्यांना डोळ्यांदेखत तापू दिलं. पहिली दहा मिनिटं मला बरंसुद्धा वाटत होतं. तेही लिहून टाकते, लपवून काय करू.

मग पाय आपोआप खाली उतरले. मी एका कोपऱ्याची पिशवी ओढून नीट लावली, दोर घेतला, आतून दोन वेढे, बाहेरून एक. दुसरा कोपरा. हात चालत होते, जसे काही कालच बांधून गेले होते. तिसरा कोपरा बांधत असताना मागे एकच गलका झाला. त्यांनी अप्पांना उचललं होतं. मी चौथा कोपरा बांधला, कारण हात थांबले नाहीत. वळून पाहिलं तेव्हा माणसं रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. पंदल ताठ उभा होता, एक सुरकुती नव्हती, आणि त्याच्या गार सावलीत सांडलेले तांदूळ, तुळशीची पानं आणि तुडवलेली फुलं पडली होती.

संध्याकाळी स्मशानातून परत आल्यावर भाऊ त्या पंदलाखाली खुर्ची टाकून बसला. भेटायला आलेल्यांना सांगत होता, अप्पांचं डोकं बघा, इतकी वर्षं झाली तरी कसा उभा आहे. मी ऐकलं आणि मला राग आला नाही. राग यायला जागाच उरली नव्हती.

तेराव्यानंतर तो गेला. मी पंदल सोडून घडी घातला. किंतानाच्या पिशवीच्या तळाशी नकाशा होता, पिवळा पडलेला, पण रेषा अजून काळ्याभोर. कोपऱ्यातली चौकटही तशीच, तीन ओळी, दोन माणसं. खाली बोटभर जागा कोरी आहे. आता तिथे माझं नाव घालायला मला कुणाला विचारायला नको, अप्पांचं पेन अजून चालतं, आणि माझं अक्षर त्यांच्यासारखंच आहे, त्यांनीच वळवलेलं. मी पेन दोनदा उघडलं. दोन्ही वेळा त्या चौकटीकडे बघताना मला कोरडं गंध दिसलं, भेगा पडलेलं. ती जागा अजून कोरीच आहे.